गोळी, पाय आणि आईची कंबर

दाजी,

तुमच्या दहाव्या-तेराव्याची सगळी कामं मी पहिल्याच दिवशी वाटून दिली होती. मंडप, पाण्याचे जार, स्वयंपाक, पाहुण्यांच्या झोपण्याची सोय, कुणाला आणायला कुणी जायचं. सगळं वेळेत झालं, कुणाची गैरसोय झाली नाही. एक काम मात्र माझ्याच नावावर उरलं आणि ते दुसऱ्या कुणाला देताही येत नाही. आपला वाद. तो अर्धा टाकून तुम्ही गेलात आणि शेवटचा शब्द माझ्याकडे ठेवलात. इतक्या वर्षांत एकदाही दिला नव्हता, आता दिलात. त्याचं मी काय करू?

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण तुम्ही नेहमी मधूनच सुरू करायचात आणि स्वतःच्या सोयीच्या जागी थांबायचात. एकदा मला क्रमानं सांगू द्या.

तुम्ही पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले, म्हणून तुमचा पाय लागला की कंबरेत भरलेली उसण उतरते, अशी आपल्याकडची समजूत. मी फार्मसी शिकलेली, वडवणीत मेडिकल चालवणारी, तुमच्या बायकोची धाकटी बहीण. कंबर धरलेला माणूस आधी कुणाच्या दारात जातो यावर आपली चढाओढ. सकाळी तुमच्या दूध संस्थेतलं संकलन आटोपलं की बाहेरच्या ओट्यावर कुणीतरी पालथं पडलेलं असायचंच. तुम्ही चेअरमन, तरी चप्पल काढून यायचात, डावा पाय त्याच्या कंबरेवर टेकवायचात, हलका भार द्यायचात, उचलायचात. माणूस वयानं मोठा असला तर लगेच वाकून त्याच्याच पाया पडायचात. थोरामोठ्याला पाय लावला त्याची भरपाई. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना.

"हसती कावून?" तुम्ही विचारलंत.

"इथं उपचार चाललाय की माफी, तेवढं सांगा."

"तू गोळी देतीस तवा कुनाच्या पाया पडती का? पोटात आग पाडती तुजी गोळी. आधी तू पड."

झालं. तिथून सुरू झालेला वाद तुम्ही जाईपर्यंत चालला.

मी म्हणायचे, तुमच्या पायानं काही होत नाही, उसण चार दिवसांत आपोआप उतरते. तुम्ही म्हणायचात, मग तुझ्या गोळीनं तरी काय होतं, तिलाही चारच दिवस लागतात की. याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांब होतं आणि तुम्ही लांब उत्तर ऐकायला थांबत नसायचात. "संस्थेत काम हाय" म्हणून निघून जायचात.

मग तो दुष्काळाचा उन्हाळा आला. विहिरी तळाला गेल्या, कडबा संपला आणि तुमच्या संस्थेनं ओढ्याकडेच्या पडीक रानात जनावरांची छावणी घातली. जनावरांमागं माणसं आली. ताईनंही तुमच्या म्हशींपाशी पाल ठोकलं. उसाचे भारे उचलून, टँकरचं पाणी वाहून निम्म्या छावणीच्या कंबरा धरल्या. दुपारी दुकान बंद करून मी औषधांची पेटी घेऊन यायचे. त्या उन्हात पाणी पुरवून पुरवून पिणाऱ्या माणसानं दुखण्याच्या जोरकस गोळ्या घेतल्या तर किडनीवर येतं, म्हणून मी आधी विचारायचे, आज पाणी किती प्यालात, लघवी नीट होते का. बऱ्याच जणांना गोळी न देताच परत पाठवायचे. ते सरळ तुमच्याकडे यायचे.

"शकूबाई," तुम्ही लांबून ओरडायचात, "असंच गिऱ्हाईक धाडत जा!"

पण तुम्हीही बदललात त्या दिवसांत, ते मी पाहत होते. पाय ठेवण्याआधी तुम्ही विचारायला लागलात, "पायात मुंग्या येत्यात का? पडलातबिडलात का कुठं? लगवी अडली न्हाई ना?" माझे प्रश्न होते ते. कुणी 'हो' म्हणालं की तुम्ही पाय मागं घ्यायचात आणि त्याला जीपमध्ये घालून बीडला धाडायचात. प्रश्न कुणाकडून घेतलेत ते मात्र कधी कुणाला सांगितलं नाहीत.

अशात आईची कंबर धरली.

आई तलवाड्यात एकटी राहायची. आमचे अप्पा गेल्यापासून दोन खोल्या, एक गाय आणि ती. टँकरचा हंडा कडेवर घेताना कंबरेत कळ आली आणि ती आहे तिथं बसली. शेजारणीनं फोन केला. ताई आणि मी जीप करून गेलो, आईला मागच्या बाकावर आडवी केली. गाय नंतर टेंपोनं आली.

त्या प्रवासात ताई तलवाड्याच्या कुलपाची किल्ली मुठीत धरून बसली होती. मला कळत होतं कशामुळं. आम्हाला भाऊ नाही. आईच्या दाराला कुलूप लागलं की आम्हा दोघींना माहेर उरणार नव्हतं. भाचरांना सुट्टीत जायला आजोळ नाही, सणाला बोलावणं नाही, रुसून जायला जागा नाही. आई पुन्हा उभी राहिली नाही तर ते घर गेलं, एवढं सरळ होतं. आईलाही ते कळत होतं, म्हणून तिनं तुमच्या घराचा उंबरा ओलांडायला नकार दिला.

"लेकीच्या घरी पडून ऱ्हायला आले न्हाई मी," ती ताईला म्हणाली. "छावनीत आले. सगळेच आल्यात. माजी गाय हाय इथं."

ताईच्या पालात तिची बाज टाकली.

दुसऱ्या दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त तपासलं. हाडाला चीर नव्हती, नस दबलेली नव्हती. मात्र हाडं ठिसूळ झालेली होती आणि किडनी थकलेली होती. दुखण्याच्या जोरकस गोळ्या अजिबात नाहीत, म्हणाले. साधी तापाची गोळी चालेल. आणि झोपवून ठेवू नका, रोज थोडं चालवा.

आईला यातलं काही पटलं नाही. तिला तुमचा पाय हवा होता. सासू-जावयाचं बोलणं आपल्याकडे सरळ होत नाही, ती डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि तुम्ही समोर उभे असताना ताईला सांगायची, "कमल, त्यांला म्हनावं, साऱ्या मुलखाला पाय लावता. मी काय पाप केलं?"

तुम्ही पाच-पन्नास माणसांदेखत हात जोडलेत. "सासूला लाथ मारली म्हन्तील लोकं. ते न्हाई जमायचं."

छावणीभर हसू झालं. जावई मर्यादेचा आहे, म्हणाले सगळे.

आई रोज वाकडी होत चालली होती. कुशीवर वळताना तोंडातून आवाज निघू नये म्हणून पदर दातात धरायची. मी, जिनं तुमच्या पायाची इतकी वर्षं थट्टा केली, ती तुम्हाला टँकरपाशी गाठून म्हणाले, "दाजी, लावा एकदा पाय. तिच्या मनाला बरं वाटेल."

तुम्ही इकडंतिकडं पाहिलंत आणि आवाज खाली आणलात. "तूच म्हनलीस ना, हाडं पोकळ दिसत्यात फोटोत? काडकन मोडलं तर? तिला हे सांगू नगंस. मर्यादा म्हनून न्हाई लावत, एवढंच कळू दे तिला. हाडं गेली म्हनलं तर ती आजच म्हातारी हुईल."

तुम्ही टँकरच्या पाइपाकडे वळलात.

दोनच दिवसांनी आई सकाळी ताठ उभी दिसली. गाईला पाणी पाजत होती, ताईला म्हणत होती, "जीप सांग, मी जाते तलवाड्याला." पाल आनंदलं. मी पेटी खाली ठेवली आणि तिच्या पायांकडे पाहिलं. घोटे सुजले होते. शेजारच्या पालातल्या बाईनं तिच्या नवऱ्याच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या होत्या, आईनं त्या गपचूप घेतल्या होत्या. मी त्या काढून घेतल्या.

तेव्हा तुम्ही माझ्यावर चिडलात. आयुष्यात एकदाच खरंखरं चिडलात.

"उठली ना ती? चालली ना? मंग दे की रोज! एवडं मेडिकल घातलं कशाला मंग?"

"कंबर उठली दाजी, पण किडनी बसेल."

"मंग दुखू द्यायचं व्हय नुसतं?"

"दुखू द्यायचं नाही. दुसरं बघायचं."

"दुसरं काय?"

ते मलाही माहीत नव्हतं. गोळी विकणारी गोळी नाकारत होती आणि पाय लावणारा पाय मागं घेऊन गोळी मागत होता, आणि मध्ये आई दोघांवर रुसून पालाच्या कापडाकडे तोंड करून पडली होती. बरं झालं, आम्ही वेळेत पाहिलं. डॉक्टरांनी त्या गोळ्या पूर्ण बंद केल्या, रक्त पुन्हा तपासलं, सूज उतरली. कंबर पुन्हा धरली.

ते 'दुसरं' आरोग्य पथकाच्या गाडीतून आलं. त्या गाडीत एक फिजिओथेरपीची मॅडम होती, तरणीताठी, बूट घातलेली. तिनं आईला तपासलं, ताईला सांगितलं की कंबरेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू हातानं हळूहळू मोकळे करायचे, मग गुडघे पोटाशी घ्यायचे, मग चालायचं. रोज. कुठं किती दाबायचं ते तिनं टँकरच्या ड्रायव्हरला पालथं पाडून तुम्हाला दाखवलं, कारण सगळ्यांनी सांगितलं होतं की कंबरांचं खातं चेअरमनकडं आहे. तुम्ही ते लक्ष देऊन शिकलात. ड्रायव्हर उठून म्हणाला, "चेअरमन, आता पाय ठिवा बाजूला, हातच लावा."

पण आईला तुम्ही हात कसा लावणार? पाय नाही तसा हातही नाही. ताईचा हात चालला असता, पण ताईला दाबायचा अंदाज येईना. कधी पिठासारखं मळायची, कधी नुसतं कुरवाळायची. मग तुम्ही जो मार्ग काढलात तो आजही छावणीतली माणसं भेटली की मला सांगतात.

पालात मध्ये वाकळ टांगली. आतल्या बाजूला बाजेवर आई, बाहेरच्या बाजूला पोत्यावर तुम्ही. आधी तुम्ही पालथे पडायचात आणि ताई तुमची कंबर दाबायची. "आनिक थोडं. बास. एवडाच भार. ध्यानात ठिव." मग ताई तोच भार हातात घेऊन वाकळीआड जायची. येणारेजाणारे थांबायचे. तुमचा मित्र म्हणाला, "काय बे पायाळू, तुलाच भरली का उसन?"

"मला न्हाई भरली. सासूची उतरवायलोय," तुम्ही तोंड पोत्यात ठेवूनच सांगितलंत.

आणि मग वाकळीच्या दोन बाजूंनी ते सुरू व्हायचं.

"मनक्यावर अंगठा ठिवू नगंस. बाजूनं. खाली ये हळूहळू."

"कमल, त्यांला सांग, तिथं न्हाई दुखत. आनिक खाली दुखतंय."

"अहो, आई म्हणती आणखी खाली."

"ऐकू आलं मला. म्हनावं, दुखतंय तिथं लगीच धावायचं नसतंय. वरून मोकळं करत यायचं."

"त्यांला म्हनावं, कंबर माजी हाय. मला जास्त कळतंय."

"म्हनावं, मंग स्वताच दाबून घ्या."

यावर वाकळीआडून आईचा आवाज आला नाही. मी डोकावले. ती उशीत तोंड खुपसून हसत होती. कंबर धरल्यापासून पहिल्यांदा.

माझं काम अर्धा तास आधीचं. साधी गोळी, पोटभर पाणी, घड्याळ पाहून. गोळी घेतलेली असली की तिला हात सोसायचा. हात लागलेला असला की तिला उठून चालायचं धाडस यायचं. आधी गाईच्या दावणीपर्यंत गेली, मग पाण्याच्या टाकीपर्यंत, मग सगळ्या छावणीला फेरी मारायला लागली. प्रत्येक पालापाशी थांबून कुणाची म्हैस आटली, कुणाची सून भांडली हे विचारून यायची. मग एका सकाळी तिनं आपल्या गाईची धार स्वतः काढली आणि किटली घेऊन संस्थेच्या काट्यापाशी रांगेत उभी राहिली. तुम्ही काट्यावर होतात. तिनं पदर पुढं घेतला, किटली ठेवली आणि मागच्या बाईला म्हणाली, "त्यांला सांग, नीट मोजा."

त्याच दिवशी आपला वाद नव्यानं पेटला.

"गोळीनं दुखणं दबलं म्हणून हात लागला," मी म्हणाले.

"हात लागला म्हनून तुज्या गोळीची लाज ऱ्हायली," तुम्ही म्हणालात.

"गोळी वाकळीच्या आत जात होती, दाजी. तुमचं काय जात होतं? नुसता आवाज."

"आवाजानं किडनी खराब होत न्हाई."

पुढच्या फेरीला मॅडम आली तेव्हा आपण दोघांनी तिलाच विचारलं. ती हसली. म्हणाली, दोन्हीचा थोडा थोडा उपयोग झाला, पण अशा बहुतेक कंबरा काही आठवड्यांत आपल्या आपण सुटतात. माणूस हलता राहिला पाहिजे, घाबरून पडून राहायला नको. आजींना तुम्ही हलतं ठेवलंत. एवढं बोलून ती पुढच्या छावणीला गेली. तिचा निकाल आपण दोघांनीही मानला नाही. तुम्ही म्हणालात, पोरगी नवीन आहे. मी म्हणाले, तिनं थोडं थोडं म्हटलं, त्यातलं थोडं माझं जास्त आहे.

छावणी उठायच्या आधीच आई तलवाड्याला परतली. जीपमध्ये बसताना ताईला म्हणाली, "त्यांला सांग, येते." तुम्ही टायरला लाथ मारून हवा पाहत म्हणालात, "म्हनावं, हंडा उचलायचा न्हाई. लहान कळशी, दोन खेपा." तिनं ऐकलं. तिनं डॉक्टरांचं ऐकलं नसतं, माझं तर नाहीच नाही.

मी तुम्हाला पुढं एकदा विचारलं होतं, पायाळूच्या पायावर तुमचा खरंच विश्वास आहे का? संस्थेच्या ओट्यावर चहा पीत होतो आपण. तुम्ही उरलेला चहा बशीत ओतलात. म्हणालात, "पाय ठिवायचा म्हंजी मानसाला आधी पालथं पडावं लागतंय. घरात कुनी पडू देत न्हाई त्याला. माज्या ओट्यावर घडीभर पडतो. लोकं मदी बोलत न्हाईत, काम सांगत न्हाईत. तेवड्यानं निम्मी उसन जाती." मी विचारलं, "आणि उरलेली निम्मी?" तुम्ही कप पालथा घातलात. "ती तुज्या दुकानात धाडतो की."

हे उत्तर मला आवडलं होतं, ते मी सांगितलं नाही. आणखी एक राहिलं. त्या उन्हाळ्यात तुम्ही पाय मागं घेतलात आणि मी गोळी मागं घेतली, तेव्हापासून आपण भांडलो ते फक्त चवीसाठी. निकाल त्या टँकरपाशीच लागला होता. ज्याला आपला उपाय कुठं थांबवायचा ते कळतं, त्याच्या हाती आपलं माणूस द्यावं. तुमच्या हाती मी डोळे मिटून दिलं असतं. दिलंच होतं. तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही गावभर सांगत सुटला असता, म्हणून म्हटलं नाही.

आता दुकानात कंबर धरलेलं माणूस आलं की मी काउंटरबाहेर येते. पाय बधिर आहे का, लघवी अडते का, पडलात का, पाणी किती पिता. मग थोडक्या दिवसांच्या गोळ्या, आणि घरात कुणाचा हात हलका आहे ते विचारते. परवा एक जण म्हणाला, "ताई, चेअरमनसारखं इचारता की." मी म्हणाले, माझेच प्रश्न आहेत. त्याला खरं वाटलं नाही. तुमची जिरवायला हवी होती, राहून गेली.

तुम्हाला अंगणात ठेवलं होतं तेव्हा आई तलवाड्याहून आली. ऐंशीच्या घरातली बाई, जीपमधून स्वतःची स्वतः उतरली. गर्दी बाजूला झाली. ती तुमच्या पायांशी येऊन थांबली, रोजच्यासारखा पदर पुढं घेतला आणि ताईला म्हणाली, "कमल, त्यांला सांग, मी आले."

ताई तुमच्या कानाशी वाकली आणि तिनं सांगितलं. तोवर ती रडली नव्हती.

तेरावं झालं. नवरा गेलेल्या बाईला काही दिवस माहेरी नेतात, तर कुणी न्यायचं याची चर्चा सुरू झाली. भाऊ नाही, म्हणून तुमच्या चुलतभावांनी माझ्याकडे पाहिलं. मीही तसंच ठरवलं होतं: ताई वडवणीला, माझ्याकडे, वरची खोली. तसं मी सांगितलं. आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "धाकल्या भैनीचं घर म्हंजी काय माहेर असतंय का? मी हाय की. माजं घर हाय."

चर्चा तिथंच संपली.

काल सकाळी मी त्या दोघींना जीपमध्ये बसवलं. ताईच्या गोळ्या, तिचा चष्मा, दोन साड्या, डब्यात भाकरी, सगळं तपासून दिलं. आई ड्रायव्हरशेजारी पुढं बसली आणि ताईला खिडकीपाशी बसव म्हणाली, वारा लागेल. ताईनं घराकडे एकदा पाहिलं. मग ती खिडकीला डोकं टेकून लहान मुलीसारखी बसली.

दाजी, तुमची बायको माहेरी गेली आहे.